पिल्वीची लोकर आणि शुक्रवारचा सॉना

आउलिस कोक्कोने आयुष्यातल्या पहिल्या मोज्याची टाच वळवली तेव्हा तो सोफ्यावरून उठला आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर जाऊन नुसता उभा राहिला. मोजा हातात, चार सुया मोज्यात, पाचवी कानामागे. केर्त्तू बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, मोज्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बरं झालंय."

आमच्या कुओपिओत, म्हणजे फिनलंडमधल्या या गावात, एवढी स्तुती माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. केर्त्तूच्या तोंडून हे शब्द आउलिसने याआधी ऐकले होते ते मुलगी झाली तेव्हा. त्यामुळे त्या संध्याकाळी तो जरा हवेत होता. जेवतानाही त्याने मोजा ताटाशेजारी ठेवला होता.

त्याच्या आनंदामागे एक जुनी जखम होती. तो शाळेत होता तेव्हा हस्तकलेच्या तासाला मुली मोजे विणायच्या आणि मुलगे लाकूड तासायचे. आउलिसने सगळं बालपण लोणी लावायच्या लाकडी सुऱ्या तासण्यात घालवलं. समोरच्या वर्गात मुली पाच सुयांवर नळीसारखं काहीतरी विणता विणता अचानक त्याला काटकोनात वळवतात, हे त्याने दारातून पाहिलं होतं. शहराच्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी खात्यात एवढी वर्षं नोकरी करून त्याने शेकडो नळ्या काटकोनात वळवल्या, पण त्या लोखंडाच्या होत्या. मनातली हळहळ गेली नव्हती.

आता टाच वळली म्हटल्यावर तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. बसमध्ये विणू लागला, खात्याच्या बैठकीत विणू लागला, दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासूनही विणू लागला. आमच्याकडे बैठकीत मोजे विणले म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. पण आउलिससारखा खात्याचा उपअभियंता ऐन चर्चेत "थांबा, माझे टाके मोजून होऊ देत" म्हणतो तेव्हा लोक थोडे बिचकतात. पहिली जोडी पुरी झाली. तिचा एक मोजा केर्त्तूला झाला आणि दुसरा बारा वर्षांच्या नातवालाही झाला नसता. आउलिसने दोष सुयांना दिला.

आणि मग वसंत ऋतू आला, म्हणजे पिल्वीची लोकर झडू लागली.

पिल्वी ही कोक्कोंची सामोयेद जातीची कुत्री. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, चेहरा कायम हसरा. हिवाळाभर ती अंगावर दोन थरांची लोकर वागवते आणि बर्फ वितळायला लागला की आतला थर घरभर वाटून टाकते. कॉफीत पिल्वी, लोण्यात पिल्वी, उशीत पिल्वी. केर्त्तू सकाळ-संध्याकाळ यंत्राने झाडायची आणि यंत्राची पिशवी रिकामी करताना म्हणायची, "यात आणखी एक कुत्रा बसेल." पोमो नावाचा बोका त्या झडलेल्या लोकरीचे गोळे करून दिवाणाखाली साठवायचा. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.

एका रविवारी आउलिस पिल्वीला विंचरत बसला होता. कंगव्यातून निघालेला मऊ पुंजका त्याने बोटांत धरला, सहज पीळ दिला. पुंजक्याचा धागा झाला. तो धाग्याकडे बघत राहिला, पिल्वी त्याच्याकडे बघत राहिली.

"केर्त्तू," त्याने हाक मारली, "आपण बारा वर्षं लोकरीचे मोजे विकत घेतोय आणि लोकर फेकतोय."

केर्त्तू दारात आली. तिने त्याचा चेहरा बघितला. "नको," ती म्हणाली.

पण आनंदाच्या भरात असलेल्या माणसाला 'नको' ऐकू येत नाही. इमारतीत ही बातमी दुपारपर्यंत पोचली, आणि सल्ल्यांचा वर्षाव सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या हिल्काबाईंकडे चरखा होता, त्यामुळे त्यांचा सल्ला अधिकारवाणीचा. कुत्र्याच्या लोकरीइतकी ऊब जगात कशात नाही, त्यांची आजी सांधेदुखीवर असलेच मोजे घालायची, पण नुसती कुत्र्याची लोकर ताणली जात नाही, थोडी मेंढीची मिसळावी लागते. "आणि कातण्याआधी धुवायची. कोमट पाण्यात भिजवायची, ढवळायची नाही, पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

तळमजल्यावरचा ताइस्तो जहाजावर इंजिनिअर होता. तो वर्षातून दोन-चारदाच बोलतो. त्याने जिन्यात आउलिसला अडवून सांगितलं की कातल्यानंतर धुवावी. आपण कुत्रा पाळलेला आहे का, विणलेलं आहे का, याच्याशी सल्ल्याचा संबंध नाही असं त्याचं मत होतं. उंटावरचे शहाणे बोटीवरही असतात.

आउलिसने हिल्काबाईंचं मानलं. पण धुवायची कुठे? घरातली न्हाणी कपाटाएवढी, आणि तिथे पोमोचा पाणी पिण्याचा हक्क. इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीत पाटी होती: 'सतरंज्या आणि प्राण्यांच्या वस्तू धुण्यास मनाई.' ती पाटी सोसायटीच्या चेअरमन राइली तोल्वानेनबाईंनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. तळघरातल्या सॉनाला, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीला, लागून असलेल्या न्हाणीघरात मात्र तशी पाटी नव्हती. सॉनात कोणी कुत्र्याची लोकर धुवायला नेईल हे तोल्वानेनबाईंना सुचलं नव्हतं. यात त्यांची चूक काढता येणार नाही.

आता इथे कोक्कोंच्या सॉनाच्या वेळेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तळघरातला सॉना सगळ्या इमारतीचा. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शुक्रवारी संध्याकाळी सात ही वेळ म्हणजे सोनं. ती मिळायला कोक्को दांपत्याने वर्षानुवर्षं रांगेत काढली होती. ती वेळ ज्यांची होती ते म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा आउलिसला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर पहिला विचार सॉनाचा आला म्हणून आणखी वाईट वाटलं. पण केर्त्तू आठवडाभर जे बोलत नाही ते शुक्रवारी वरच्या फळीवर बसून बोलते. मुलीचं परगावी मन रमत नाही, डॉक्टर काय म्हणाले, आउलिसच्या आईशी ती तेव्हा कशी वागली आणि आता काय वाटतं. सगळं वाफेतच. आउलिस ऐकतो आणि गरम दगडांवर पाणी घालतो. त्यांचा संसार खरं तर त्या एका तासात चालतो.

त्या तासात त्याने लोकरीची पोती खाली नेली.

केर्त्तूने खाली यायलाच नकार दिला. "तू तुझ्या कुत्र्याबरोबर बस," म्हणाली. आउलिसने एकट्याने बादल्या भरल्या, भिजवलं, ढवळलं नाही, निथळलं आणि वाळायला सॉनाच्या वरच्या फळीवर सगळी लोकर ढगासारखी पसरून ठेवली. उष्णता छान होती. पुढची वेळ तोल्वानेनबाईंची, आठची. अजून अवकाश होता. तो कोरडी पोती आणायला वर निघाला.

जिन्यात ताइस्तो उभा होता. त्याला कातल्यानंतर धुण्याची कारणं आठवली होती. जो माणूस वर्षातून दोन-चारदा बोलतो त्याला मध्येच तोडता येत नाही, ते फार असभ्य दिसतं. ताइस्तो लोकरीवरून जहाजाच्या दोरांवर गेला, दोरांवरून बॉयलरवर. आउलिस परत खाली पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते.

तोल्वानेनबाई वेळेच्या पक्क्या. शॉवर घेऊन, ओल्या अंगाने, अंधाऱ्या सॉनात शिरल्या, वरच्या फळीवर बसल्या. बसायला कोणीतरी मऊ काही घातलंय, हे त्यांना आवडलंही असावं. मग त्यांनी दगडांवर पळीभर पाणी घातलं. वाफ उठली आणि वाफेबरोबर भिजलेल्या कुत्र्याचा असा काही वास उठला की बाईंनी गुडघ्यांवर बसून सगळ्या फळ्यांखाली कुत्रा शोधला.

आउलिस बोळात आला तेव्हा न्हाणीघराचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर येत होतं आणि त्या पाण्यात तोल्वानेनबाई उभ्या होत्या. टॉवेल होता, पण टॉवेलच्या वर आणि खाली त्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. भुवयांनाही लोकर होती.

"कोक्को, कुत्रा कुठाय?"

"घरी आहे."

"मग आत कोण आहे?"

"तिचे केस," आउलिस म्हणाला. आणखी काय म्हणणार?

शनिवारी नळकाम करणारा आला. त्याने न्हाणीघराच्या मोरीतून हातभर लांबीची काहीतरी पांढरी गोष्ट ओढून काढली, जमिनीवर ठेवली, पायाने पालथी केली आणि विचारलं, "हे जिवंत होतं का?" मग त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे पाणी खात्याचं पत्रक लावलेलं होतं. 'मोरी ही कचरापेटी नाही. केस टाकू नका.' खाली आउलिसचा हसरा फोटो. नळवाला फोटोकडे बघत राहिला, मग आउलिसकडे बघितलं, आणि टोपी घालून काही न बोलता निघून गेला. काही बोलला असता तर परवडलं असतं.

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. सॉनात कुत्रा नेल्याबद्दल कोक्को कुटुंबाची वेळ काढून घेण्याचा विचार समितीच्या बैठकीत होईल. सोबत लेखी खुलासा मागवला होता. प्रश्न एकच: 'आपण कुत्रा सॉनात नेला होता काय? होय अथवा नाही.' आउलिस सत्यवादी माणूस. त्याने लिहिलं, 'अंशतः.' खुलासा परत आला, असं उत्तर ग्राह्य नाही म्हणून. त्याने 'नाही' लिहिलं आणि खाली दीड पान लोकरीबद्दल लिहिलं. तोही परत आला, कारण दिलेल्या जागेबाहेर लिहिण्याची सोय नव्हती.

"वेळ गेली तर कुठली मिळेल?" केर्त्तूने विचारलं.

"मंगळवारी दुपारची रिकामी आहे."

केर्त्तू टेबल पुसता पुसता थांबली. "मंगळवारी दुपारी मी काय बोलणार?" ती म्हणाली.

ते ऐकून आउलिसने विणकाम खाली ठेवलं. तोवर त्याला ती सगळी गंमत वाटत होती.

हिल्काबाईंना स्वतःच्या सल्ल्याची टोचणी लागली होती. त्यांनी मोरीत न गेलेली लोकर मेंढीच्या लोकरीत मिसळून कातून दिली. "राइलीचे पाय बाराही महिने गार असतात," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यातसुद्धा दोन दोन मोजे घालते. रागावलेल्या माणसाला आधी पायाकडून गरम करावं." आउलिसला एकदम हुरूप आला. तो विणायला बसला. बैठक येत्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. कामावर जाताना वीण, येताना वीण, पिल्वीला फिरवताना साखळी कमरेला बांधून वीण. एकदा पिल्वी सशामागे धावली तेव्हा आउलिस सुयांसकट झुडपात गेला, पण एकही टाका सुटू दिला नाही. हे त्याने केर्त्तूला दोनदा सांगितलं.

पहिला मोजा झाला आणि नवंच झेंगट उभं राहिलं. पिल्वीने तो हुंगला, हळूच तोंडात उचलला, आपल्या गादीवर नेला आणि पोटाशी घेऊन पडून राहिली. तिला कधी पिल्लं झाली नव्हती. हे आपलंच आहे याबद्दल तिला शंका नव्हती, आणि खरं बघता ते होतंही. ती मोजा चाटायची, कुशीवर वळताना त्याला सांभाळून वळायची. पोमो जवळ आला की गुरगुरायची. पोमोवर आयुष्यात कोणी गुरगुरलं नव्हतं. तो फडताळावर जाऊन बसला तो जेवायलाच खाली आला. दुसरा मोजा झाल्यावर पिल्वीने तोही नेला. शुक्रवारी आउलिसने तिला मासा दाखवून दोन्ही मोजे काढून घेतले आणि चोरासारखा खाली पळाला. पाठीमागे तिने जो गळा काढला तो जिन्यातून तळघरापर्यंत ऐकू येत होता.

बैठकीची खोली सॉनाच्या शेजारीच. दाराशी सगळ्यांचे बूट ओळीने काढलेले. समिती तिघांची: तोल्वानेनबाई, हिल्काबाई आणि ताइस्तो. टेबलावर कॉफी आणि वेलचीचे गोड पाव. फरशी बर्फासारखी गार, कारण तापवण्याचा खर्च तोल्वानेनबाईंनीच कमी केला होता.

आउलिसने आधी मोजे पुढे केले. "तुमच्यासाठी विणलेत. माझ्याकडून त्या दिवशी..." तो पुढचंही सांगणार होता. लोकर कुठली तेही सांगणार होता, पण तोल्वानेनबाईंनी स्वतःचे दोन्ही थर उतरवून ते मोजे चढवलेसुद्धा. मग सांगणं अवघड झालं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा तो खुर्चीवर आक्रसून बसला.

ताइस्तो बोलायला उभा राहिला. वर्षातला त्याचा कोटा संपला असं आउलिसला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. सॉनाचा नियम स्पष्ट आहे, तो म्हणाला. वेळ ओलांडली, मोरी तुंबवली, दुसऱ्याच्या वेळेचा नाश केला. वेळ काढून रांगेतल्या पुढच्याला द्यावी.

"रांगेत पुढचा कोण आहे?" हिल्काबाईंनी विचारलं.

"मी," ताइस्तो म्हणाला आणि खाली बसला.

जिन्यातलं ते लांबलेलं भाषण आउलिसला आठवलं. बॉयलरपर्यंत जायची काय गरज होती, हे आता त्याला कळलं.

"माझं मत कोक्कोंच्या बाजूने," हिल्काबाई म्हणाल्या. "माणूस वेडा आहे, वाईट नाही."

आता निकाल तोल्वानेनबाईंच्या हातात. त्यांचं लक्ष टेबलाखाली होतं. बोटं मोज्यात हलवून बघत होत्या. त्यांच्या गालांवर थोडा रंग आला होता.

"कोक्को," त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरपासून मला माझ्या पायांची बोटं जाणवत नव्हती. ही कुठल्या मेंढीची लोकर?"

हिल्काबाई कॉफीत बघू लागल्या. ताइस्तो मात्र हसला, आणि आउलिसने त्याला हसताना कधी बघितलं नव्हतं. 'इकडचीच मेंढी' एवढंच म्हटलं असतं तर शुक्रवार वाचला असता. चव्वेचाळीस टाके दरवेळी मोजून विणलेले मोजे, त्यांच्याबद्दल खोटं बोलायला आउलिसची जीभ रेटेना.

"मेंढी थोडीच आहे," तो म्हणाला. "बाकी पिल्वी आहे. त्या दिवशीचीच."

हिल्काबाईंनी कप खाली ठेवला.

"मतदान घ्या," ताइस्तो म्हणाला.

तोल्वानेनबाईंचा रंग उतरला. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मोजा ओढून काढायला वाकल्या. तेवढ्यात दार उघडलं. केर्त्तू उभी होती, खांद्यावर सॉनाचे टॉवेल, हातात साखळी. "ही रडायची थांबत नाही," ती म्हणाली. "सगळी इमारत आपल्या दारात गोळा होईल, म्हणून..." आणि साखळी तिच्या हातातून सुटली.

पिल्वी कोणाकडे बघायला थांबली नाही. ती सरळ टेबलाखाली शिरली. तोल्वानेनबाई दचकून ताठ झाल्या आणि खुर्चीचे हात धरून बसल्या. पिल्वीने आधी उजवा मोजा हुंगला, मग डावा. दोन्ही जागेवर आहेत याची खात्री केली, एकेकदा चाटले. मग स्वतःभोवती एक गिरकी घेऊन ती धप्पकन बाईंच्या दोन्ही पावलांवर आडवी झाली, हनुवटी त्यांच्या घोट्यावर टेकवली आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. मोजे मिळाल्यापासून ती बाळंतिणीसारखी जागी होती. बघता बघता तिला झोप लागली.

"तिला उचलतो," आउलिस घाईने उठला.

"बसा," तोल्वानेनबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या खाली बघत होत्या. त्या बाईंनी जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता, आणि आताही लावला नाही. फक्त पाय हलू नयेत म्हणून श्वास धरून बसल्या.

ताइस्तोने घसा साफ केला. "वेळ काढायची तर बोळातल्या सॉनाच्या वेळांच्या कुलूपबंद फलकावरून कोक्कोंची पाटी काढावी लागेल. किल्ली तुमच्याकडे आहे."

"किल्ली माझ्याकडेच आहे," तोल्वानेनबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग उठू कशी? ती झोपलीय."

ताइस्तोने हिल्काबाईंकडे बघितलं. हिल्काबाईंनी पाव उचलला. या मुद्द्यावर नियमावलीत काही नव्हतं. ताइस्तोने बूट घातले आणि गेला. थोड्या वेळाने हिल्काबाईही चरखा चालू ठेवून आल्याचं काहीतरी पुटपुटत निघाल्या. कोक्को दांपत्य भिंतीला टेकून तसंच उभं होतं.

"सात वाजत आले, कोक्को," तोल्वानेनबाई मान वर न करता म्हणाल्या. "सॉना तापला असेल. जा."

ते गेले. वरच्या फळीवर बसले. केर्त्तूने बोलायला सुरुवात केली आणि त्या दिवशी ती इतकी बोलली की आउलिसला पाणी घालायचंही भान राहिलं नाही. मध्येच ती रडली, मग झुडपातला तो प्रसंग पुन्हा सांग म्हणाली आणि पोट धरधरून हसली. कोणी दार ठोठावत नव्हतं. मग एकदम आउलिसला घड्याळ दिसलं. आठ कधीच वाजून गेले होते. तोल्वानेनबाईंची वेळ चालू होती आणि आत कोक्कोच बसलेले.

ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून दोघं बोळातून धावत आले. बैठकीच्या खोलीत दिवा होता. तोल्वानेनबाई त्याच खुर्चीत, त्याच बेताने बसलेल्या. कॉफी गार झाली होती. पिल्वी घोरत होती. बाईंचा कोट अंगावर नव्हता, तो पिल्वीवर घातलेला होता.

"तोल्वानेनबाई, तुमची वेळ..." आउलिस म्हणाला.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"दार हळू लावा," त्या म्हणाल्या.